आधी मोजावं, मग बोलावं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं, "काय काका, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नव्हतं. पण जे लिहायचं होतं ते माझ्याच अंगावर येणारं होतं, म्हणून चालढकल चालली होती. विषय तसा किरकोळ, घरच्या एस्प्रेसो मशीनमधल्या पाण्याचं तापमान. पण त्यात माझा भाचा आहे, माझी चूक आहे आणि थोडंफार मतही आहे. नातेवाइकांपैकी ज्यांना तो प्रसंग ठाऊक आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. बाकीच्यांना निदान मशीनचा भाग तरी उपयोगी पडेल.

आमचं घर मुळात चहाचं. रत्नागिरीतली बहुतेक घरं तशीच. कॉफी म्हणजे तापातून उठलेल्याला द्यायची, नाहीतर रात्री जागायचं असेल तेव्हा करायची. दुधात उकळायची आणि वर जायफळ किसायचं. जायफळाला इकडे तोटा नाही. त्या कॉफीत तापमानाचा प्रश्नच नसतो, उतू जायच्या आत गॅस बंद केला की झालं. अशा घरात निवृत्तीनंतर मी एक इटालियन बनावटीचं एस्प्रेसो मशीन आणलं. आयुष्यात स्वतःसाठी केलेली ही एकच चैन. सौ.चं म्हणणं, एवढ्या पैशात स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला असता. ती अजून चहाच पिते आणि ओटाही जुनाच आहे. असो.

ज्यांनी असं मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे नऊ बार दाबाने, पंचवीस-तीस सेकंदांत गरम पाणी ढकलायचं. हे पाणी उकळतं नको आणि कोमटही नको. कमी गरम असलं तर कॉफीतलं आंबट तेवढं उतरतं, गोडवा आतच राहतो. जास्त गरम असलं तर कडू, जळकट चव येते. दोन-तीन अंशांनी जिभेला फरक कळतो. सुरुवातीला मला ही सगळी शहरी थेरं वाटली होती. पण एकदा कळायला लागलं की मग कळतच राहतं, हा त्यातला त्रास.

नेमकं किती तापमान हवं? इथे मोठमोठ्या जाणकारांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या व्याख्येत ९०.५ ते ९६ अंश. इटलीतल्या एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेच्या व्याख्येत ८८ अंश, दोन इकडे किंवा दोन तिकडे. म्हणजे एस्प्रेसो ज्यांनी जन्माला घातली त्यांचा आकडा एक आणि ज्यांनी तिचं शास्त्र केलं त्यांचा दुसरा. याचा अर्थ मी असा लावला की अमुकच आकडा काही देवाने नेमून दिलेला नाही. जो घ्याल तो रोज तोच राहिला पाहिजे. आज ८८, उद्या ९४ असं झालं तर दळण बदलावं, वजन बदलावं की दाणे बदलावेत हे कधीच कळत नाही. पायाच हलत असेल तर भिंत ओळंब्यात आहे की नाही, कसं तपासणार?

आणि घरगुती मशीनचं दुखणं नेमकं तेच आहे. हॉटेलातल्या मोठ्या मशीनला कित्येक लिटरचा बॉयलर असतो आणि जडशीळ पितळ असतं. १९६१ साली इटलीत एर्नेस्तो वालेंते यांनी फाएमा कंपनीसाठी ई-६१ नावाचं मशीन काढलं. त्या वर्षी इटलीतून सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून ते नाव. त्यात कॉफीचं पाणी जिथून बाहेर पडतं तो चारेक किलोंचा पितळी भाग गरम पाणी सतत फिरवून तापलेलाच ठेवलेला असतो. इतकं धातू एकदा तापलं की चार कपांनी त्याला काही फरक पडत नाही. माझ्या मशीनचा बॉयलर मात्र पाण्याच्या लहान पेल्याएवढा. आत एक साधा थर्मोस्टॅट, इस्त्रीत असतो तसा. ठरावीक तापमानाला तो वीज तोडतो, मग पाणी बरंच निवेपर्यंत थांबतो आणि पुन्हा जोडतो. त्या वर-खाली होण्यात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. समोर एक छोटा दिवा आहे. तो तुम्हाला 'तयार' एवढंच सांगतो, किती तयार ते सांगत नाही.

तर झालं असं.

२०२३ चा मे महिना. आंब्याचे दिवस, घर भरलेलं. मुंबई-पुण्याची सगळी मंडळी आली होती, ताई आणि भावोजीही होते. माझा भाचा तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आल्या दिवसापासून तो मशीनपाशी उभा राहून सगळं बघत होता. तीन दिवसांत दळण, वजन, कॉफी दाबणं, सगळं शिकला. एका संध्याकाळी भावोजींचे मित्र सहकुटुंब आले. सातची वेळ, आठ कप कॉफी हवी. भाचा म्हणाला, "मामा, आज मी करतो." मीही कौतुकाने म्हटलं, कर.

पहिले दोन कप छान झाले. तिसरा आंबट. चौथा त्याहून आंबट. पाचव्याची धार पातळ, फिक्कट. पाहुणे बिचारे "छान आहे, छान आहे" म्हणत पीत होते. मी एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर बोललो. काय बोललो ते लिहायला आजही हात अडतो, पण लिहितो. "जमत नसेल तर हात लावू नये. तीन दिवस दाखवतोय, एवढंही कळत नाही?"

खोली एकदम गप्प झाली. त्याने पोर्टाफिल्टर, म्हणजे ती दांडीवाली गाळणी, सिंकमध्ये नेऊन धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "सॉरी मामा" म्हणाला आणि गच्चीवर गेला. ताई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही असं नाही. पण मशीनला त्याने पुन्हा हात लावला नाही. विचारलं तर म्हणतो, "चहाच बरा, मामा." हसून म्हणतो, पण म्हणतो.

त्याच जुलैमध्ये मी आणखी एक पराक्रम केला. चिकमगळूरच्या एका छोट्या भाजणाऱ्याकडून मी दाणे मागवतो. एक पाकीट आंबट लागलं म्हणून मी त्याला खरमरीत मेल लिहिली, माल शिळा पाठवलात अशी. त्याने एका शब्दानेही वाद न घालता दुसरं पाकीट स्वखर्चाने पाठवलं. तेही आंबट लागलं. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हटलं, याचं सगळंच भाजणं बिघडलेलं दिसतंय!

डोळे उघडले ते गणपतीत. पुन्हा घर भरलेलं, चाकरमानी आलेले, आळीत घराघरांतून रोषणाई, विहिरींवरचे पंप चालू. संध्याकाळची आरती झाली आणि सहा कप कॉफी करायला मी स्वतः उभा राहिलो. तेच दळण, तेच वजन, तोच हात. तिसरा कप आंबट. पाचव्याची धार फिक्कट. अगदी तश्शीच. या वेळी समोर ओरडायला कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातली ट्यूब मधूनमधून फडफडत होती. तिच्याकडे बघत मी उभा राहिलो आणि पोटात खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी मारुती मंदिराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून प्लगमध्ये खोचायचा व्होल्टमीटर आणला. एक बारीक वायरचा डिजिटल थर्मामीटर मागवला. थर्माकोलच्या कपाला भोक पाडून त्यात थर्मामीटरचं टोक बसवलं, म्हणजे मशीनमधून पडणारं पाणी थेट त्यावर येईल. हवेतून पडताना पाणी थोडं निवतं, त्यामुळे हा आकडा खरा नव्हे हे कबूल. पण मला खरा आकडा नकोच होता, या कपात आणि त्या कपात फरक किती एवढंच बघायचं होतं. वहीत तारीख, वेळ, व्होल्ट, कितवा कप आणि तापमान असे रकाने आखले. पाच आठवडे रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसातला नोंद केली. सौ. म्हणाली, बँकेत होतात तेव्हा कधी एवढं मन लावून लेजर लिहिलं नसेल :)

सकाळी व्होल्टेज २२५ ते २३०. ओळीने तीन कपांचं पाणी काढलं तर ९१, ९०, ९०. संध्याकाळी एरवी २०० च्या आसपास, गर्दीच्या दिवशी १८२ पर्यंत खाली. तेव्हा तीन कपांचं पाणी ९१, ८७, ८३. पहिला कप दोन्ही वेळेला सारखाच, म्हणून तर इतके दिवस फसलो होतो.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब निम्मा झाला तर उष्णता निम्मी नाही, पाव होते. २३० व्होल्टला १००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम ६१२ वॅट देतो. आता एका एस्प्रेसोला मशीन साधारण ६० मिलिलिटर पाणी खेचतं, थोडं कपात येतं, थोडं कॉफीच्या चकतीत मुरतं. टाकीतलं २८ अंशांचं पाणी ९३ वर न्यायचं तर सुमारे १६,३०० ज्यूल उष्णता लागते. पंचवीस सेकंदांत पूर्ण दाबाचा हीटर २५,००० ज्यूल देतो, म्हणजे लागतात त्यापेक्षा बरेच जास्त. १८० व्होल्टवाला देतो १५,३००. म्हणजे तो एका कपाचंही भागवू शकत नाही. शिवाय भोवतीचं धातू स्वतःचा वाटा खातं ते वेगळंच. पहिला कप साठलेल्या उष्णतेवर निघून जातो. त्यानंतर प्रत्येक कपाला मशीन कर्जात जातं. आणि या मशीनमधले छोटे पंपही विजेचा दाब उतरला की मंदावतात, म्हणून ती फिक्कट धार.

थोडक्यात, भाच्याने त्या संध्याकाळी सगळं बरोबर केलं होतं. चूक एकच, तो मे महिन्यातल्या संध्याकाळी सात वाजता, सगळ्या आळीचे एसी चालू असताना, ओळीने आठ कप करत होता. आणि ती चूक त्याची नव्हतीच, मी "कर" म्हटलं होतं.

जुलैच्या आंबट पाकिटाचाही उलगडा झाला. पावसाळ्यात सकाळी दहा-दहा मिनिटं वीज जाते. परत आली की तो पेल्याएवढा बॉयलर चार मिनिटांत तापतो आणि दिवा म्हणतो 'तयार'. पण भोवतीचं पितळ गार पडलेलं असतं, ते पाण्यातली उष्णता पिऊन टाकतं. दाणे चांगलेच होते. चिकमगळूरला मेल लिहून माफी मागितली आणि दुसऱ्या पाकिटाचे पैसे पाठवले. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, पावसाळ्यात असं पुष्कळ गिऱ्हाइकांचं होतं म्हणून.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरंच. मशीनला त्याच्या वॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर घेतला. फ्रिजचा छोटा चालत नाही, हीटरच्या मानाने तो फारच लहान पडतो. मशीन अर्धा तास आधी लावतो, पोर्टाफिल्टर जागेवर अडकवूनच, म्हणजे तोही तापतो. वीज जाऊन आली की पुन्हा पंधरा-वीस मिनिटं, दिवा काहीही म्हणो. मग थोडं पाणी सोडतो, हीटर चालू होतो, दिवा विझेपर्यंत थांबतो, विझल्यावर मनात तीस आकडे मोजतो आणि कॉफी काढतो. रोज तीसच. थर्मोस्टॅट वर-खाली होतच राहणार, पण त्या चढउतारात आपण दर वेळी त्याच ठिकाणी त्याला गाठायचं. दोन कपांमध्ये किमान दोन मिनिटं सोडतो. दुधासाठी वाफ काढली असेल तर बॉयलर फार तापलेला असतो, तेव्हा आधी पाणी सोडून त्याला खाली आणतो, नाहीतर पुढचा कप जळकट. आठ पाहुणे असतील तर चौघांना कॉफी, चौघांना चहा. कुणीही आजवर तक्रार केलेली नाही.

काही जण म्हणतील, पीआयडी कंट्रोलर बसवा. बरोबर आहे, तो तापमान अंशाच्या आसपास धरून ठेवतो. त्याची गोष्टही गमतीची आहे. त्यामागचं गणित निकोलस मिनॉर्स्की नावाच्या इंजिनियरने १९२२ साली मांडलं, ते जहाजाच्या सुकाण्यासाठी. सुकाणूवाले नेमकं करतात काय, हे त्याने पाहिलं. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. मघापासून किती भरकटत आलंय आणि आता कोणत्या वेगाने वळतंय, हेही धरतो. आमच्या मिरकरवाड्याच्या कुठल्याही तांडेलाला हे न शिकवता येतं. पण १८० व्होल्टला पीआयडी तरी कुठून जास्तीची उष्णता आणणार? तो हीटर नीट चालवतो, मोठा करत नाही. म्हणून माझं मत, आपल्यासारख्या गावात पैसे खर्चायचेच असतील तर आधी स्टॅबिलायझरवर, मग मोजमापावर, आणि उरले तर पीआयडीवर.

हे झालं मशीनपुरतं मत. दुसरं मत जरा मोठं आहे. आपल्या घरांतून काही बिघडलं की पहिला संशय माणसावर जातो. उकडीच्या मोदकाची पारी फाटली की करणारणीच्या हाताला दोष. तांदूळ नवा होता की जुना, पिठी कधीची, कुणी विचारत नाही. आंबा आढीत नासला तर आढी लावणाऱ्याचा निष्काळजीपणा. खरं म्हणजे परिस्थिती बदललेली असते आणि हात तोच असतो. माणूस समोर असतो, व्होल्टेज दिसत नाही. म्हणून माणसावर ओरडणं सोपं. तेव्हा माझं ब्रीद ठरलं, आधी मोजावं, मग बोलावं. या लेखाचं शीर्षकही तेच दिलं आणि मोठ्या समाधानाने सौ.ला वाचून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पण समजा वहीतून निघालं असतं की चूक पोराचीच होती. मग आठ माणसांसमोर ओरडलात ते बरोबर ठरलं असतं का?"

मंडळी, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणजे आहे, पण ते माझ्या ब्रीदाला अडचणीत आणणारं आहे. पाच आठवडे मी वही लिहिली ती सत्य शोधायला, असं मला वाटत होतं. तो खरोखर चुकला असता तर मी निश्चिंत झोपलो असतो, हेही तितकंच खरं. मोजण्याने दोष कुणाचा ते कळतं. तो कळल्यावर कसं बोलायचं ते कुठल्याच मीटरवर येत नाही. शीर्षक बदलावं असं मनात आलं होतं. नाही बदललं. अर्धं का होईना, बरोबर आहे ते. उरलेलं अर्धं सौ.चं.

तर आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं त्याला. बाळा, तू हे वाचतोस हे मला ताईकडून कळलंय. त्या संध्याकाळी तुझं काही चुकलं नव्हतं, आणि चुकलं असतं तरी मी तसं बोलायला नको होतं. ओरडलो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतोय. फोनवर मागायला गेलो असतो तर तू "जाऊ दे हो मामा" म्हणून विषय संपवला असतास. या मे महिन्यात येशील तेव्हा वही ओट्यावर ठेवलेली असेल. सकाळी साडेसहाला उठलास तर २२८ व्होल्ट मिळतील. चहा हवा असेल तर चहाही आहे, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

बाकी, कोकणात किंवा कमी व्होल्टेजच्या गावात राहून हा नाद करणारं आणखी कुणी असेल तर तुमचे आकडे जरूर कळवा. ताडून बघायला आवडेल.